मारोतीचं चर्चचं गाणं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं न्हाई. तुम्हालाच का सांगून राह्यलो — ते मलाही कळत न्हाई. ऐका फक्त.

जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाणं कंपनीत, मी बियांची उगवण तपासायचो. ओल्या कागदात बी गुंडाळायचं, आठवड्यानं कोंब मोजायचे. समोरच्या टेबलावर मारोती. घनसावंगीकडचा, आजा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेला. आणि हा मोबाइलवर काय लावायचा? फ्रान्समधल्या चर्चचं, तीनशे वर्षांपूर्वीचं समूहगान. लॅटिन भाषेतलं! मला पहिल्या दिवसापासून संशय. ह्याला हे कुठून सापडलं? कुणी दिलं? कशासाठी?

विचारलं की तो खुलायचा. आधी चार-पाच जण गातात, मंग मागचा मोठा ताफा ते उचलतो — आमचा आजा ओवी म्हणायचा अन् मागचे झेलायचे, बराबर तसंच, म्हणायचा. एकाच रचनेची तीन रेकॉर्डिंगं होती त्याच्याकडे. त्यातलं एक दगडी चर्चमधलं. गाणारे थांबले तरी आवाज वर घुमत राहायचा. मी मधेच बोललो की हात वर करायचा. अजून संपलं न्हाई, सर.

मला राग यायचा. आमच्या घरात तीन पिढ्या मैफिली ऐकणाऱ्या, कपाटभर कॅसेटी — आणि कान मिळाला ह्याला?

एकदा तो जेवायला गेल्ता, तेव्हा मी त्याचा ड्रॉवर उघडला. क्रूस, एखादी पुस्तिका, कुणाची चिठ्ठी — काहीतरी निघेलच असं वाटलं. निघाली बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी. आणि एक वही: कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये कुठं श्वास घेतला, कुठं खर्जातले आवाज जड झाले. बस, एवढंच. म्हणजे ह्यानं धर्म बदललेला न्हाई, हे मला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

त्याच महिन्यात त्याचं जाफराबादला जमत आलं. पोरगी त्याच्या मनात भरली होती. त्यानं तिला एक तुकडा पाठवला, तर तिनं अजून मागितला. दोन दिवस नुसता हसत होता. मंग रिवाजाप्रमाणे पोरीचे मामा चौकशीला आले. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मला गाठलं. मी म्हणालो, निर्व्यसनी आहे, कामाला चोख. तिथंच थांबायचं ना? चहा संपला आणि मी बोललो, "दिवसभर चर्चचं गाणं ऐकतो. तेवढं बघून घ्या."

एकही शब्द खोटा न्हाई, बघा. म्हणून तर जीभ रेटली.

नकार आला. कारण कुणी दिलं न्हाई. अशा वेळी देतच न्हाईत. मारोतीनं चुलतभावावर संशय घेतला, दोघांचं बोलणं तुटलं. माझ्यासमोर तो रडला. आणि मी — मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, नशीब. बोलणं पसरत गेलं असणार, पुढची दोन स्थळंही परत फिरली.

मागल्या वर्षी तो नोकरी सोडून गावी गेला. एकटाच आहे. जाताना माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "सर, इथं तुम्हीच मन लावून ऐकलं." कळलं होतं का त्याला? मला अजून ठरवता येत न्हाई.

ते गाणं मला आवडतं. तेव्हाही आवडायचं. रोज लावतो. गाणारे थांबतात, बायको चहाला हाक मारते, आणि माझा हात आपोआप वर जातो.

"कुणाचं बघून शिकलात हे?" ती विचारते.

मी गाणं परत पहिल्यापासून लावतो.