रिकाम्या बाकांचं गाणं

स्टुटगार्टमध्ये आमच्या चढाच्या रस्त्यावर एक चर्च आहे. गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, बेकरीतून पाव घेऊन परतताना आतून शेकडो माणसं गात असल्यासारखा आवाज आला. मला नवल वाटलं, कारण तिथे कुणी शिरताना कधी दिसत नसे. मी दार ढकललं. सगळी बाकं रिकामी होती. पुढे फक्त आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या शेजारीणबाई बसल्या होत्या, आणि गाणं भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होतं.

त्यांनी खुणेनं मला जवळ बसवलं. "जुनं रेकॉर्डिंग आहे," त्या कुजबुजल्या. "गायला कुणी उरलं नाही, म्हणून पाद्री हेच लावतात. तो जाड आवाज माझ्या नवऱ्याचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली."

"पण मी ख्रिश्चन नाही," मी म्हटलं.

"चालतं हो. माझी मुलंही आता ख्रिश्चन राहिलेली नाहीत."

गाणं संपलं. रेकॉर्डिंगमधली माणसं खाली बसली आणि आमच्या मागची बाकं करकरल्यासारखी वाटली. मागे वळून बघायचा धीर होईना. पाद्री समोर आले. त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला आणि आम्हा दोघींवरून सावकाश शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली.