कपाटातला दुसरा सर्व्हर

आमच्या रुग्णालयाला सर्व्हर पुरवणाऱ्याने मला फसवलं. मी इथला विश्वस्त, खरेदी माझ्याकडे. एक बंद पडला तर दुसरा चालावा म्हणून भांडून दोन मागितले होते. त्याने संगणकाच्या पडद्यावर दोन सर्व्हरची नावं दाखवली. धान्याच्या धंद्यात पोतं उघडल्याशिवाय कधी माल न घेणारा मी, सर्व्हरचं कपाट न उघडताच हो म्हणालो.

आज दोन्ही एकदम बंद पडले. कपाट उघडलं तर आत एकच यंत्र.

“दुसरा कुठाय?”

“यातच आहे, काका. व्हर्च्युअल असतो तो, याच यंत्रात सॉफ्टवेअरने बनवलेला,” पुरवठादाराचा इंजिनिअर म्हणाला.

“म्हणजे हा गेला की तोही गेला?”

तो यंत्राचं बटण पुन्हा दाबत राहिला.

मी यंत्रावरच्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिलो. आपण ज्याला आधार समजतो, त्यातलं खरोखर वेगळं उभं असतं तरी किती?

शस्त्रक्रियागृहात एका बाईला भूल दिलेली होती आणि डॉक्टरांना सर्व्हरवरचा तिचा स्कॅन दिसत नव्हता. शस्त्रक्रिया न करताच त्यांनी तिला भुलीतून बाहेर आणलं. तिचा नवरा मला विचारतोय, “झालं ना सगळं नीट?” पुरवठादाराने इथे यावं आणि माझ्यादेखत या माणसाला उत्तर द्यावं.