साहेबाचा वेट

"साहेब येऊनच राहिले."

असं म्हणताना आमचे दुभाषी उजवा हात आधी स्वतःच्या छातीवर ठेवायचे आणि मग अलगद बंगल्याच्या व्हरांड्याकडे वळवायचे. आपणही नकळत तिकडे बघायचो. व्हरांड्यात एक रिकामी वेताची खुर्ची असायची. तरीही क्षणभर वाटायचं, की येतच असेल बुवा.

मी तेव्हा अमरावतीला एका कापूसवाल्या साहेबाच्या फाटकावर होतो. गाड्यांची रांग लावायची, कोणी मध्ये घुसला तर त्याला मागे काढायचं आणि कापसाजवळ चिलीम पेटू द्यायची नाही, हे माझं काम. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि एकाएकी आमच्या वऱ्हाडाला सोन्याचे दिवस आले होते. अंजनगाव, दर्यापूर, कुठून कुठून कापसाच्या गाड्या यायच्या आणि फाटकाबाहेर उभ्या राहायच्या. उभ्याच राहायच्या. आत साहेब, बाहेर आम्ही आणि मध्ये ये-जा करणारे हे साहेबाचे दुभाषी.

दुभाषी आत जाऊन विचारत, "अंजनगावच्या गाड्या आल्या आहेत, घ्यायच्या?" साहेब तोंडातला चिरूट न काढता एकच शब्द बोलायचा. "वेट."

फाटकावर उभं राहून राहून मला या शब्दाचे सगळे अर्थ कळले. सकाळी म्हटलेला वेट म्हणजे जेवणानंतर बघू. जेवणानंतरचा वेट म्हणजे उद्या. शनिवारचा वेट असेल तर सोमवारी साहेब तो विसरलेला असणार, हे धरूनच चालायचं. खानसाम्याला मात्र तो वेट म्हणाला, तर पाठोपाठ हाक यायची. चहाच्या बाबतीत वेट फार आखूड असे. आणि गाडीवाल्यांसाठी त्याचा खरा अर्थ होता, की बसू द्या उन्हात, दमले म्हणजे भावाला घासाघीस करणार नाहीत.

दुभाषी बाहेर येऊन हा शब्द प्रत्येकाला वेगळा सांगत. पाटील असला तर, "पाटील, जरा सावलीत टेका." दलाल असला तर, "शेठजी, साहेब आत्ताच तुमची आठवण काढून राहिले होते." आणि म्हातारी बाई असली तर हात छातीवर ठेवून, "माय, साहेब येऊनच राहिले." साहेबाने कोणाची आठवण काढलेली नसायची. पण ऐकणाऱ्याचा चेहरा उजळायचा, आणि तो उजळला की यांचाही उजळायचा.

गाडीवाल्यांनी तर तो शब्द उचललाच. रांगेत अडकलेला माणूस म्हणायचा, "परवापासून वेटात हाओ." ज्या लिंबाखाली बैल सोडायचे, त्याचं नाव पडलं वेटाचा लिंब. एकाने तर बायकोला निरोप धाडला, की "वेट लागला हाय, भाकरी धाडजो." बिचारीला वाटलं, नवऱ्याला काही दुखणं जडलं. ती भाकरीबरोबर काढाही घेऊन आली.

आम्ही हसलो खरे, पण मला आतून चीड यायची. एकदा मी दुभाष्यांना गाठलंच. "तुम्ही यांना खरं का सांगत नाही? सांगा, की साहेब आज घेणार नाही. जातील दुसऱ्या दारी. तुमच्या गोड बोलण्यानं ते इथं नुसते वाळून राहिले."

ते म्हणाले, "अरे, लांबून आले ते. तोंडावर नाही म्हणवत नाही मले. तेवढाच त्यांच्या जिवाले धीर."

"धीर कशाचा? अडकवून ठेवता तुम्ही त्यांना!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच फार कठोर काळजाचा माणूस आहे. त्यांच्यापुढे माझा राग नेहमी असाच फुकट जायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी अकोल्याला दिली होती. तिला दिवस गेले होते, पहिलंच बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, आणि त्यासाठी माहेरच्या कोणीतरी जाऊन तिला आणायचं, ही आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. यांना मुलगा नाही, भाऊ नाही. मुराळी म्हणून जायचं ते यांनीच. सातवा महिना लागला होता. आठव्यात गाडीत बसवायचं नाही, म्हणून घाई होती. घरी बायकोने डिंक, खारीक सगळं आणून ठेवलं होतं. ती नवी बाज कशी विणून घेतली, हे त्यांनी मला हाताने हवेत पट्ट्या ओढून दाखवलं होतं.

त्यांनी साहेबाकडे रजा मागितली. ते आत गेले तेव्हा मी फाटकात होतो. चिरुटाआडून शब्द आला, तो मलाही ऐकू आला.

"वेट."

ते बाहेर आले. पायरीवर थांबले. सवयीने हात छातीवर गेला, पण समोर कोणीच नव्हतं. मग त्यांनी अकोल्याकडे निघालेल्या एका गाडीवाल्याला हाक मारली. मला वाटलं, आता तरी सरळ सांगतील, की मला रजा नाही, दुसरी काही सोय पाहा.

ते म्हणाले, "माह्या लेकीले सांगजो, बाबा निघूनच राहिले."

मी कपाळाला हात लावला. स्वतःच्या मुलीलासुद्धा तेच! "आज ना उद्या सुटीनच मी," ते मला म्हणाले, "उगा तिचा जीव कशाले घाबरा करू?" मग रोज ते आत जात, रोज तोच शब्द घेऊन बाहेर येत, आणि संध्याकाळी घरी बायकोला काय सांगत असतील, ते मला न विचारताच कळत होतं.

बऱ्याच दिवसांनी तो गाडीवाला परत आला. दुभाष्यांना पाहून तो दचकलाच. "तुमी अजून अठीच? तिकडं पोरगी गाठोडं बांधून दारात बसून राह्यते. गावातच मावसा हाय तिचा, तो पोचवून द्यायले तयार होता. पन पोरगी काही केल्या जाईना! म्हने, माहे बाबा वाटेत हायेत, ते आले अन् मी नसली तं?"

 दुभाष्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि फाटकातून बाहेर पडले. रांगेतल्या गाड्यांनी वाट करून दिली. मागून व्हरांड्यातून साहेब ओरडला, पुन्हा ओरडला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. साहेब माझ्याकडे बघून रागाने काहीतरी विचारू लागला. पण काय झालं, हे त्याला समजावून सांगणारा माणूसच निघून गेला होता.

ते परत आले तेव्हा हंगाम सरत आला होता. आले ते फक्त बंगल्यावर राहिलेली आपली पेटी न्यायला. मी मुलीबद्दल विचारलं. ते लिंबाखाली बसले.

"मी पोचायच्या आधीच बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. ते बरी हाय. मूल राहिलं नाही." मग बराच वेळ ते पेटीच्या कडीशी चाळा करत बसले. "मले वाटलं, पोरगी रागवीन. बोलणार नाही माह्याशी. तं मले पाहून रडाले लागली अन् काय म्हणते, बाबा, एवढे दिवस वाटेत कुठं अडकले होते तुमी? मले वाटलं, रस्त्यात तुमचंच काही बरंवाईट झालं. त्या भीतीनंच..."   एवढे दिवस त्यांच्यावर चिडत आलो होतो, आणि आता चिडायला जागाच उरली नव्हती.

ते उठले, पेटी उचलली. फाटकापाशी एक म्हातारी गाडीखाली बसली होती. तिने त्यांना ओळखलं आणि सवयीने विचारलं, "बाप्पा, साहेब कवा येतीन?"

त्यांचा हात वर आला, छातीपर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

"येत नाही माय," ते म्हणाले. "बैलं जुप. घरी जाय."

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने बैल जुंपले. तिची गाडी आधी वळली आणि तिच्या मागोमाग, पेटी डोक्यावर घेऊन, धुळीतून ते चालत गेले.