आईचा जबाब मी फिरवला

नळावर आईची घागर गावचे पुढारी अण्णा यांच्या भावजयीच्या घागरीला लागली. एवढंच. विटाळ झाला म्हणून अण्णांच्या भावाने पायातली चप्पल काढली आणि आईला मारलं. पाच-सहा तडाखे. बायकांची रांग होती, कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. दहावी झालेली धडधाकट पोरगी, कळशी धरून नुसती बघत राहिले.

वडील हैदराबादला इमारतीच्या कामावर. आमच्या वस्तीतल्या लोकांनीच तक्रार दिली. गाव बिदरकडचं, घरात मराठी, सरकारी कारभार कन्नड. चौकशीला आलेला साहेब लांब बंगळूरकडचा, त्याला मराठीचा गंध नव्हता. आईला कन्नड येत नव्हतं. मी कन्नड शाळेत शिकलेली, म्हणून दुभाषी मीच. अण्णांना दोन्ही भाषा येत होत्या. पण मुलीच्याच तोंडून आलं की शंकेला जागा राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी सकाळीच मला बोलावून घेतलं. आवाज अगदी गोड.

"नाजूक मामला हाय पोरी. इलेक्शन तोंडावर आलंय. आईचं बोलणं जरा सांभाळून सांग. अंगणवाडीच्या नोकरीच्या यादीत तुझं नाव घालायलोय मी."

पंचायतीत सगळ्यांना खुर्च्या होत्या. आम्हा मायलेकींना दाराशी, चपला काढतात तिथं बसवलं. आई सरळ साहेबाकडे बघून बोलली.

"मला समद्यांसमोर चपलेनं मारलं. पर घागर सोडली न्हाई म्या. हे लिवा म्हणावं सायबाला."

मी कन्नडमध्ये सांगितलं की नळावर थोडी बाचाबाची झाली, आता मिटलंय. अण्णा मान डोलवत होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. लेक साहेबाशी बोलते याचं केवढं कौतुक तिला. तिनं विश्वासानं अंगठा उठवला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरानं यादी लागली. माझं नाव होतं. आई गल्लीत साखर वाटून आली तेव्हा मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तिनं साखरेची वाटी खाली ठेवली.

"त्यापरीस मुकी असतीस तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाली.

मी बिदरच्या कचेरीत जाऊन त्याच साहेबाला गाठलं, आईचा खरा जबाब सांगितला. त्यानं विचारलं, अंगठा कोणाचा? आईचा, म्हटलं. मग झालं, म्हणाला, आणि पुढची फाईल ओढली. हात जोडले, रडले, तासभर उभी राहिले. शिपायानं बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी भरल्या पंचायतीत अण्णांसमोर उभी राहिले. "मला नोकरी नको. तुमच्या भावानं माझ्या आईला चपलेनं मारलं." आधी मराठीत म्हणाले, मग कन्नडमध्ये. फाईल काही उघडली नाही. तो भाऊ आजही ताठ मानेनं फिरतो.

आई माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलली नाही. तिचा राग रास्त आहे. आता कुठल्याही बाईचा जबाब असला की मी बोलावण्याची वाट न बघता जाते. ती म्हणेल ते शब्दन्‌शब्द सांगते. शिवी असली तर शिवीसकट. पुढे कोणाचं काय बिघडतं, ते त्यांचं त्यांनी बघावं.