हँडल सरळ हाय का?

चौथीत मी वर्गात पहिली होते आणि सायकलीवर शेवटची. पहिली असण्याचं फार कौतुक नको, वर्गात मूठभर पोरं होतो. सायकलीचं दुखणं मात्र खरं होतं. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला फाट्यावरच्या शाळेत जायचं, तेही सायकलीनं, कारण एसटी आली तर आली. आईनं आधीच बजावलं होतं, "सायकल आली तर फाटा, न्हाईतर श्रीगोंद्याला मामाकडं."

मला मामाचं वावडं नव्हतं. मामी लाडू झकास करायची. अडचण माझ्या मैत्रिणीची होती. तिचे वडील शेळ्यांचे व्यापारी. अख्खं गाव त्यांना चाचा म्हणायचं. फाट्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, म्हणून त्यांचं म्हणणं, दोघी असाल तर जा, एकटीला धाडणार नाही. म्हणजे मी मामाकडं गेले की तिची शाळा चौथीतच संपली.

शुक्रवारी ती शाळेला नसायची. चाचा घोडेगावच्या बाजाराला जायचे आणि घरच्या शेळ्या तिच्या गळ्यात. बाई नवीन गणित नेमकं शुक्रवारीच काढायच्या. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की लिंबाखाली बसून मी तिला ते शिकवायचे. अपूर्णांक भाकरीवर शिकवले. भाकरी मोडून "हा एक छेद चार" म्हटलं, तर ती म्हणाली, "चतकोर म्हन की गं," आणि खाऊन टाकला. पण गणित तिला त्याच दिवशी आलं.

त्यानंतर मास्तरकी तिची. माझ्या वडिलांची उंच सायकल, दांडीखालून पाय घालून मी पायडल मारायचे आणि ती कॅरिअर धरून मागून पळायची. "म्होरं बघ. चाकाकडं काय बघतीस, ते कुठं पळून चाललंय?" मी मुळातच तापट. पडले की सायकलीला लाथ मारायचे, मग लागायचं माझ्याच पायाला. ती मुकाट्यानं पुढचं चाक गुडघ्यांत धरायची, वाकडं झालेलं हँडल ओढून नीट करायची आणि म्हणायची, "हँडल सरळ हाय. बस."

एकदा चिडून मी म्हणाले, "जाते मी मामाकडंच." ती शेळ्यांना पाणी पाजायचंय म्हणून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी दिलेली भाकरी तिनं घेतली नाही. लाडूबिडू सगळं विसरले. मला ती हवी होती, रोज, शेजारी. त्या दुपारी मी स्वतःहून सायकल काढली.

निकालानंतर चाचा म्हणाले, "फाट्यापातूर जाऊन दाखवा. मी मागनं टेम्पो घिऊन येतो." आई त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसली, मागं शेळ्या. पुढं आम्ही दोघी, ती भावाच्या सायकलीवर. पाटाच्या पुलापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथं माझी नजर चाकाकडं गेली आणि मी आडवी झाले.

टेम्पो थांबला. आईचा चेहरा बघून मला श्रीगोंदाच दिसायला लागलं. आई उतरायच्या आत मैत्रीण आपली सायकल टाकून धावत आली. माझा गुडघा फ्रॉकनं पुसला, चाक गुडघ्यांत धरलं, ओढलं. "हँडल सरळ हाय. बस."

मी बसले. आईचा एक पाय अजून खाली होता. चाचा म्हणाले, "बसा वहिनी आत. पडली तर उचलाया दुसरी हाय की."

फाट्यापर्यंत गेलो. परतताना आई एवढंच म्हणाली, "घरी गेल्यावर हळद लाव."

दहावीपर्यंत आम्ही त्याच रस्त्यानं गेलो. आता मी नगरला नोकरी करते आणि चाचांचा धंदा ती बघते. मध्यंतरी माझा संसार मोडला. मी कुणाचाच फोन घेत नव्हते, तिचा घेतला. कसं काय झालं, का झालं, तिनं काही विचारलं नाही.

"हँडल सरळ हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"थांब मंग, आले."

बाजाराचा दिवस होता. दुपारी ती टेम्पोसकट माझ्या दारात उभी होती, मागं शेळ्या तशाच.