दुपारी दाखवलेला कुत्रा

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं तिच्याही कानावर घातलेलं नाही — आणि खरी लाज त्या अर्ध्यातच आहे.

नव्वदच्या दशकात नाशिकला आमच्याकडे ब्रूनो होता. पिवळसर लॅब्रॅडॉर. खादाड, प्रेमळ, सगळ्या गल्लीचा लाडका. असा जीव घरात असला की माणसाचा स्वभावही जरा बरा होतो. माझा झाला — निदान मला तसं वाटायचं! पण चार वर्षांचा झाला तसा तो दिवेलागणीला बिचकायला लागला. जिन्यावर थबकायचा, उभ्या स्कूटरला धडकायचा. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले. म्हणाले, आतला पडदा झिजतोय. आधी रातांधळेपणा, मग दिवसाही दिसणार नाही. औषध नाही. रक्तातून येतं हे, पिल्लांत उतरतं, तेव्हा याचं मेटिंग करू नका.

ऐकलं मी? मान तर हलवली होती.

वणीचे भाऊसाहेब द्राक्षबागायतदार, भला माणूस. त्यांची मादी ब्रूनोच्याच कुळातली, म्हणजे धोका दुप्पट. कुत्री पाळणाऱ्यांत रीत अशी, की नराच्या मालकाने पिल्लांतलं पहिलं आपल्या पसंतीने उचलायचं. ब्रूनो जाईल तेव्हा त्याचं काहीतरी घरात उरावं, एवढाच हव्यास होता — पण हव्यासच तो. म्हणून भाऊसाहेबांना मी ब्रूनो बघायला भर दुपारी बोलावलं. खुर्च्या, कुंड्या, सगळं रोजच्या जागी ठेवलं. घर त्याला पाठ होतं. तो ऐटीत चालत आला.

"लय रुबाबदार हाय हो!" भाऊसाहेब म्हणाले. मी नुसता हसलो.

मी उचललेलं पिल्लू धडधाकट निघालं. भाऊसाहेबांनी मुलीसाठी ठेवलेली चिमी मात्र तीन-चार वर्षांत आंधळी झाली.

कळलं तसा मी वणीला गेलो. काय पाहिलं सांगू? चिमीच्या आईच्या गळ्यात त्यांनी शेळीची घंटी बांधली होती. आई पुढे, घंटीच्या आवाजामागे चिमी — द्राक्षांच्या ओळींतून बिनधास्त! घरात कुणी खाट हलवायचं नाही, वाटेत घमेलं ठेवायचं नाही. वहिनी भाकरी आधी तिला घालायच्या. या माणसांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार? माझ्या ब्रूनोच्या लेकीला त्यांनी फुलासारखं जपलं होतं. डोळे भरून आले माझे — खरंच आले.

चहा झाल्यावर भाऊसाहेब मला बांधावर घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "बागेला औषध मारताना ही सारखी माझ्या मागं असायची. मी हाकललं नाय. त्यानंच गेले असतील ना डोळे? पोरगी बोलत नाय माझ्याशी."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. नाही हो भाऊसाहेब, हे माझ्या ब्रूनोकडून आलंय, मला आधीपासून माहीत होतं. एवढंच तर म्हणायचं होतं! त्यांची लेक कदाचित त्याच संध्याकाळी त्यांच्याशी बोलली असती. आणि मी काय म्हणालो?

"असेल."

भाऊसाहेब आपल्या हातांकडे बघत राहिले. मग मला एसटीपर्यंत सोडायला आले, आणि वर म्हणाले, "तुमच्यामुळं हा जीव आमच्या घरात आला. लय उपकार झाले." ते उपकारही मी घेतले. पुढे दर हंगामात त्यांच्याकडून द्राक्षांची पेटी यायची. ती आम्ही आवडीने खाल्ली.

त्या घराने चिमीला शेवटपर्यंत सुखात ठेवलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही फक्त कृतज्ञता आहे. भाऊसाहेब आता नाहीत. आपल्याच हातांनी एका मुक्या जिवाचे डोळे घालवले, असं समजत ते गेले.

त्या हातांनी काहीही केलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं.