बैलांना लायसन लागत न्हाई

हिंगोलीतल्या एका वकिलाची छोटी मोटार माझा एक दोस्त चालवायचा. लायसन छातीच्या खिशात आणि हात सारखा त्या खिशावर. ‘मोटार येते का?’ असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘कंची? घरची का सवारीची? मला घरचीच चालते.’ सवारीच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या मोटारीचं लायसन काढायचं त्याच्या फार मनात होतं.

एकदा कनेरगाव नाक्याहून आम्ही दोघं सवारीच्या मोटारीनं येत होतो. हिंगोली दोन कोसांवर असताना ड्रायव्हर तापानं फणफणून आडवा झाला. त्याला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. मी चिडून म्हणालो, “अरे, तू चालव की!”

“आपलं लायसन ह्या गाडीचं न्हाई, मास्तर,” म्हणत तो शेजारच्या शेतात शिरला आणि शेतकऱ्याला दोन बैलजोड्यांसकट घेऊन आला. बैल मोटारीला जुंपले. मग हा स्टेअरिंग धरून ऐटीत बसला.

“इंजन बंद हाये. आता ही बैलगाडी झाली. बैलांना लायसन लागत न्हाई.”

आम्ही बाकीचे उतारू हसत मागून ढकलत गेलो. ड्रायव्हर वेळेत दवाखान्यात पोचला.

पुढं ह्याला मोठं लायसन मिळालं. सवारीची मोटार घेऊन भोंगा वाजवत सुसाट जायचा. त्या शेतापाशी बैल दिसले की मात्र भोंगा बंद. मोटार हळू करायचा, आणि खिशावरचा हात कपाळाला नेऊन बैलांना सलाम करायचा.